कट कुठे मारायचा

“मॅडम, फाईट जरा ढिली वाटतेय. अजून कट टाका ना.”

तीस वर्षं हे वाक्य ऐकते आहे. दिग्दर्शक बदलले, हिरो बदलले, स्टीनबेकचं संकलन-टेबल जाऊन कॉम्प्युटर आला, वाक्य तेच. खरी अडचण त्या खोलीत कुणी बोलून दाखवत नाही. हिरोचा पाय कमरेच्या वर जात नसतो. मग पायाचा क्लोजअप, समोरच्याच्या चेहऱ्याचा क्लोजअप, कोसळणारं टेबल, पुन्हा चेहरा आणि वरून ‘ढिशूम’. चार कटांत लाथ बसते. ती मारली कुणी, हे विचारायचं नाही. या लबाडीवर माझं घर चाललंय, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही. पण रात्री घरी आल्यावर मी स्वतःसाठी जे सिनेमे लावते, ते हाँगकाँग आणि तैवानचे मारामारीचेच. नवरा म्हणतो, दिवसभर भाकऱ्या थापून आलेली बाई संध्याकाळी विरंगुळा म्हणून पुन्हा परात घेऊन बसावी, तशातला प्रकार आहे हा.

असेल. पण कट कुठे मारायचा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुठे मारायचा नाही, हे मी या सिनेमांकडून शिकले.

आमच्या पिढीची ओळख ब्रूस लीपासून. कुडाळला आमच्या बाजारातल्या सलूनमध्ये देवाच्या तसबिरीशेजारी त्याचं उघड्या अंगाचं पोस्टर होतं. माझ्या भावाने दोन दांडकी आणि सायकलची जुनी साखळी जोडून नानचाकू केलं आणि पहिल्याच दिवशी स्वतःच्या कपाळाला टेंगूळ आणलं. ब्रूस ली तोवर या जगात नव्हताही. २० जुलै १९७३ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तो गेला. ‘एंटर द ड्रॅगन’ त्यानंतर पडद्यावर आला. मला मात्र त्याने स्वतः दिग्दर्शित केलेला ‘वे ऑफ द ड्रॅगन’ (१९७२) जास्त भावतो. शेवटी रोमच्या कोलोसियममध्ये तो चक नॉरिसशी लढतो आणि एक मांजरीचं पिल्लू ते सगळं बघत असतं. पुन्हा कधी पाहिलात तर कॅमेरा किती मागे उभा आहे तेवढं पाहा. डोक्यापासून पावलांपर्यंत दोन्ही माणसं पूर्ण दिसतात. फ्रेड अस्टेअर नाचताना हाच हट्ट धरायचा, पूर्ण शरीर दाखवा. ज्याला येतं त्याला अंतराची भीती नसते.

नाचाचा विषय निघालाच आहे तर मूळच सांगते. या सिनेमांमधली लढाई आखाड्यातून आली असेल असं आपल्याला वाटतं. तिचा मोठा भाग आलाय रंगमंचावरून, बीजिंग ऑपेरामधून. जॅकी चॅन आणि सामो हंग हे दोघं हाँगकाँगमधल्या एकाच ऑपेरा-शाळेतले. पोरवयात तिथे उलट्या उड्या आणि मार, दोन्ही खात वाढले. आणि या चित्रप्रकाराला कलेचं रूप देणारा दिग्दर्शक किंग हू तर उघड सांगायचा की आपल्याला कुंग फूतलं काही कळत नाही, आपल्या लढाया ऑपेरातून आलेल्या आहेत. तिथे तालवाद्यांच्या ठेक्यावर हालचाली होतात, आणि ऐन भरात नट एका पवित्र्यात गोठतो. डोळे रोखलेले, श्वास थांबलेला. क्षणभरच. मग पुन्हा झांजा.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. मी दशावतार बघत मोठी झाले. देवळासमोर पहाटे तीन वाजता देव आणि राक्षस भिडतात तेव्हा तलवार अंगाला लागतच नाही, ती पखवाजाला लागते. गिरकी, थाप, थांबणं, गिरकी. झोपेने पेंगुळलेली पोरं त्या थांबण्याला जागी होतात. तो थांबा काढून टाका, उरलेली नुसती धावपळ असते. आजच्या बहुतेक ॲक्शन सिनेमांचं हेच झालंय. वेग वाढवायचा म्हणून विराम कापले, आणि वेग मोजायला काही उरलंच नाही.

किंग हूचा ‘कम ड्रिंक विथ मी’ १९६६ चा, शॉ ब्रदर्ससाठी केलेला. त्यातली नायिका चेंग पे-पे तेव्हा जेमतेम विशीची, बॅलेच्या तालमीतून आलेली. पुरुषवेषात ती एका खाणावळीत येऊन बसते. भोवती गुंड जमतात. ती बसून राहते. सिनेमा तिला बसू देतो! कुणी कुठे आहे, जिना कुठे, दार कुठे, कोण पाठीमागून सरकतोय, हे सगळं आपल्याला सावकाश दाखवलं जातं. नाणी हवेत फेकली जातात आणि पुढच्या शॉटमध्ये ती वरच्या लाकडात रुतलेली असतात. मधलं काही दाखवलेलं नाही. तिचा हात हललासा वाटतो, एवढंच.

ही युक्ती त्याने ‘अ टच ऑफ झेन’मध्ये टोकाला नेली. तीन तासांचा सिनेमा आणि पहिली मारामारी यायला जवळजवळ तासभर लागतो. बांबूच्या वनातल्या लढतीत नायिका शू फेंग सहकाऱ्याच्या खांद्यावरून उडी घेऊन बांबूच्या शेंड्यावर जाते आणि तिथून खंजीर घेऊन सरळ खाली झेपावते. हा प्रसंग मी माझ्या मशीनवर एकेक फ्रेम पुढे ढकलत मोजला आहे. सेकंदाला चोवीस फ्रेम. यातले काही शॉट दहा फ्रेमांच्या आत संपतात. उडी सुटताना दिसते, पानं हललेली दिसतात, झेप दिसते. उडी पूर्ण अशी कुठेच नाही. सलग पाहताना मात्र शपथेवर सांगाल की तुम्ही ती पाहिली. १९७५ मध्ये कान महोत्सवात या सिनेमाला तांत्रिक कामगिरीचं पारितोषिक मिळालं. माझ्या मते ते या न दिसलेल्या उडीला मिळालं असावं.

कुणी म्हणेल, मग तुमच्या चार कटांच्या लाथेत आणि यात फरक काय? दोन्हीकडे लपवाछपवीच. फरक आहे. आम्ही कट मारतो कारण नटाला येत नाही. किंग हू कट मारतो कारण त्याच्या पात्राला इतकं येतं की आपला डोळा पुरत नाही. आणि त्या दहा फ्रेमांच्या आधी त्याने तासभर शांतता, धुकं, पडका वाडा आणि माणसांमधली अंतरं आपल्याकडे अनामत म्हणून ठेवलेली असतात. आम्ही काहीच ठेवत नाही आणि काढायला मात्र जातो.

मधला एक मोठा अध्याय मी पटकन ओलांडते, कारण तो माझ्या आवडीचा नाही. दिग्दर्शक चांग चेहच्या ‘वन-आर्म्ड स्वोर्ड्समन’ने १९६७ मध्ये हाँगकाँगमध्ये दहा लाख डॉलरांचा गल्ला ओलांडला आणि पडद्यावर पुरुषच पुरुष आले. उघड्या छात्या, पोटात भोसकलेली हत्यारं, मरताना अर्धा तास बोलणारे मित्र. चाहते मला माफ करोत.

किंग हूच्या बरोबर उलट टोकाला दिग्दर्शक लाउ कार-ल्युंग. हा माणूस खरा गुरुपरंपरेतला. ज्याच्यावर हाँगकाँगने सिनेमांमागून सिनेमे काढले त्या वाँग फे-हुंगचा शिष्य लाम साय-विंग, त्याचा शिष्य लाउचा बाप, आणि बापाचा शिष्य लाउ. त्याला कट म्हणजे संशयाला जागा वाटत असावी. दोन माणसं, आठ-दहा-बारा वार-प्रतिवार एका दमात, आणि मगच कट. त्याच्या ‘द थर्टीसिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’मध्ये (१९७८) गॉर्डन लिऊ शिकायला मठात येतो आणि सिनेमाचा मोठा भाग तो फक्त शिकतच असतो. हात आडवे ताठ ठेवून पाण्याच्या बादल्या वाहायच्या. दंडाला बांधलेली पाती बरगड्यांकडे रोखलेली, हात खाली आले की तीच टोचणार. जेवणघरात जायचं तर पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यांवरून. तो पडतो, भिजतो, उपाशी राहतो, पुन्हा पडतो. आपल्याकडे अशा वेळी एक गाणं लागतं आणि तीन मिनिटांत हिरो तयार होतो. इथे प्रत्येक दालनाचा वेळ जातो आणि तो जाताना जाणवतो. पस्तीस दालनं संपल्यावर तो छत्तिसावं मागतो, बाहेरच्या सामान्य माणसांना शिकवण्यासाठी. मी संकलन शिकवते तिथली एक आगाऊ विद्यार्थिनी म्हणाली, हा सिनेमा मारामारीचा नाहीच, शाळेचा आहे. तिला मी पैकीच्या पैकी दिले.

पण लाउचा मला सर्वांत प्रिय प्रसंग फारसा कुणी पाहिलेला नसतो. ‘डर्टी हो’ (१९७९). गॉर्डन लिऊ यात वेष पालटून हिंडणारा राजपुत्र आहे. एक मद्याचा जाणकार त्याला उंची मद्यं चाखायला बोलावतो आणि चाखता चाखता त्याला मारायचा प्रयत्न करतो. अडचण अशी की खोलीत तिसरा माणूस बसलाय. त्याच्यासमोर दोघांनाही आब सोडता येत नाही, आणि राजपुत्राला तर आपल्याला लढता येतं हेच लपवायचंय. त्यामुळे सगळी लढाई आदरातिथ्याच्या आड चालते. पेला पुढे करताना मनगटावर वार, बाही सावरताना तो अडवलेला, तोंडाने मद्याच्या गंधाची तारीफ, टेबलाखाली पाय पायाला अडकलेले. चेहऱ्यावर हसू. इथे संकलकाला काय काम? एकच: मध्ये न येणं. दोघांचे हात आणि दोघांची तोंडं एकाच फ्रेममध्ये हवीत, कारण विनोद तिथेच आहे. हाताचा क्लोजअप घेतला की सौजन्य गेलं, चेहऱ्याचा घेतला की वार गेला. मी स्वतः असला प्रसंग कापायला बसले असते तर पहिल्या दिवशी चाळीस कट मारून मोकळी झाले असते आणि दुसऱ्या दिवशी एकेक करत सगळे काढले असते.

लाउच्या बाजूचे लोक खऱ्याखोट्याचा फार गवगवा करतात, म्हणून एक चहाडी. हाँगकाँगमध्ये मारामारी चोवीसऐवजी बावीस किंवा वीस फ्रेमच्या गतीने चित्रित करायची सर्रास पद्धत होती. पडद्यावर ती तेवढीच झपकन दिसते. शिवाय त्या काळी सिनेमे मुके चित्रित होत. संवाद, बाहीची फडफड, काठीवर काठी आपटल्याचा तो कोरडा ‘टक्’, सगळं मागाहून चढवलेलं. खरेपणाही शेवटी कुणाच्या तरी टेबलावरच जमवावा लागतो.

जॅकी चॅनचं सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. ‘पोलीस स्टोरी’त (१९८५) मॉलमधल्या खांबावरून दिवे फोडत तो घसरत येतो आणि ती घसरण आपल्याला एकाहून अधिक वेळा दाखवली जाते. पाठ्यपुस्तकाप्रमाणे ही चूक. काळ मागे जातो. पण लग्नात व्याह्याने दागिना पुन्हा पुन्हा सगळ्यांना दाखवावा तसं ते आहे. एवढं हाड पणाला लावलंय, नीट बघा तरी.

नव्या सिनेमांपैकी मी पुन्हा पुन्हा लावते तो अँग लीचा ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ (२०००). लढाया युएन वू-पिंगने बसवलेल्या, चार ऑस्कर वगैरे. लोक बांबूवनातल्या तारांवर तरंगणाऱ्या लढतीबद्दल बोलतात. ती किंग हूला केलेला नमस्कार आहे. मला मात्र तालीमखान्यातली दोन बायकांची लढत हवी असते. झांग झियीकडे ती अद्भुत तलवार. मिशेल योह एकामागून एक शस्त्र उचलते आणि तलवार ते तोडते. मध्येच ती एक भलंमोठं अवजड शस्त्र उचलायला जाते आणि वजनानेच तोल जातो. त्या अडखळण्याने आधीच्या सगळ्या सफाईवर विश्वास बसतो. या सिनेमाच्या चित्रीकरणात मिशेल योहच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला होता, हे ठाऊक झाल्यापासून तिची प्रत्येक उडी मी जरा श्वास रोखूनच बघते. ती बॅले शिकलेली, झियी बीजिंगच्या नृत्यशाळेतली, आणि यात खलनायिका ‘जेड फॉक्स’ झालीय ती चेंग पे-पे, खाणावळीत शांत बसलेली तीच मुलगी, चौतीस वर्षांनंतरची. तिघी नाचातून आलेल्या. बाईच्या हाती तलवार असणं या सिनेमांना कधी समजावून सांगावं लागलं नाही, हे कुडाळहून आलेल्या मुलीला फार थोर वाटलं होतं. अजूनही वाटतं.

झांग यिमोचा ‘हीरो’ (२००२) देखणा आहे, पण त्यात साम्राज्यासाठी मारेकरी तलवार खाली ठेवतो ते मला पचत नाही. आणि गॉर्डन लिऊ २००९ मध्ये चक्क ‘चांदनी चौक टू चायना’त अक्षय कुमारसमोर खलनायक म्हणून उभा राहिला, तेव्हा भोवतीचे लोक खिदळत होते आणि मी एकटी त्या माणसाच्या पायांची ठेवण बघत होते. ती छत्तीस दालनांचीच होती.

किंग हूच्या ‘ड्रॅगन इन’वर (१९६७) त्साय मिंग-लियांगने २००३ मध्ये एक सिनेमा केला, ‘गुडबाय, ड्रॅगन इन’. बाहेर पाऊस, बंद पडणाऱ्या जुन्या थिएटरात शेवटचा खेळ, पडद्यावर ‘ड्रॅगन इन’, आणि समोर जेमतेम चार टाळकी. त्यांत दोन वृद्ध आहेत: मियाओ तिएन आणि शी चून. पडद्यावर जे तरुण लढताहेत ते हेच. शी चूनचे डोळे भरलेत. तलवारींचा आवाज चालू आहे. खेळ संपतो, तिकीट विकणारी लंगडती बाई केरसुणी घेऊन रांगांमधून जाते, निघून जाते, आणि रिकाम्या खुर्च्यांचा शॉट तसाच राहतो. कित्येक मिनिटं. पहिल्यांदा पाहताना माझं बोट सवयीने कापायच्या बटणाकडे गेलं होतं. दुसऱ्यांदा मी हात मांडीखाली घेऊन बसले.