बुलगार्ड गाडीला वाचवतो, तुम्हाला नाही

माझ्या गाडीला चार वर्षं जाड स्टीलचा बुलगार्ड होता. मीच हौसेनं बसवून घेतलेला. गावाकडे म्हशी आडव्या येतात, शहरात दुचाकीवाले बंपर खरवडतात. "डॉक्टर, आता गाडीला काही होत नाही," असं फिटर म्हणाला, ते खरंही होतं. मग धक्का जातो कुठे, हे मी विचारलंच नाही. आणि म्हणे एम.डी.!

एका रात्री पेशंट आला. गाडी झाडावर आदळलेली, पट्टा लावलेला, अंगावर जखम नाही. "गाडी ठीक आहे, नुसता गार्ड वाकलाय," असं भाऊ सांगत होता. इकडे बीपी उतरत होतं. सोनोग्राफीत पोटात रक्त दिसलं. प्लीहा फाटली होती. ऑपरेशन करून वाचला.

अपघातात एक नाही, तीन टकरी होतात. गाडी झाडावर आदळते, तुम्ही पट्ट्यावर, आणि तुमचे अवयव आतून फासळ्यांवर. प्लीहा, यकृत, महाधमनी फाटते ती या तिसऱ्या टकरीत. ती सौम्य व्हावी म्हणून गाडीचं नाक मुद्दाम चेपणारं बनवतात. बेला बारेनी या अभियंत्याची ही कल्पना १९५९ मध्ये मर्सिडीजच्या गाडीत आली. तोच वेग ६० सेंटिमीटर चेपून संपला, तर १० सेंटिमीटरमध्ये संपण्याच्या तुलनेत सरासरी बल सहापट कमी. बुलगार्ड थेट चेसिसला बोल्टने आवळतात. नाक चेपण्याआधीच धक्का चेसिसमधून तुमच्यापर्यंत येतो. एअरबॅगचं गणितही मूळ नाकावर बेतलेलं असतं. ते बिघडलं तर बॅग उशिरा उघडेल किंवा उघडणारच नाही.

आणि समोरचा? बॉनेटचा पत्रा थोडा तरी दबतो, पाईप दबत नाही. मोठ्या माणसाला तो मांडीवर, कमरेवर बसतो. पहिली-दुसरीतल्या पोराला छातीवर नाहीतर डोक्यावर. हे कळल्यावर शाळेसमोरून गाडी नेताना माझं मलाच कसंतरी होऊ लागलं.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय की हे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चं उल्लंघन आहेत. तरी दुकानात मिळतात, हा भाग वेगळा.

मी काढायला गेलो तेव्हा फिटर म्हणाला, "चांगला माल आहे, दुसऱ्याला लावू." मी उभं राहून त्याचे दोन तुकडे करवले आणि भंगारात दिले. तुम्ही काढाल तेव्हा तुम्हीही कापूनच द्या.