पुलापलीकडचे भाट्ये

अम्मींची इद्दत पुरी झाली त्यानंतरच्या आठवड्यात आम्ही भावंडांनी त्यांना विचारले, कुठे जायचे? चार महिने दहा दिवस त्या घरातच होत्या. आमच्या मनात महाबळेश्वर होते. मुले गणपतीपुळ्याच्या उंटांवर अडून बसली होती. अम्मी म्हणाल्या, "भाट्याला न्याल का? चांद चौदावा येऊ दे, मग जाऊ."

भाट्ये रत्नागिरीला अगदी लागून आहे, मध्ये फक्त खाडी. पाहुणे आले की आम्ही त्यांना पुळे दाखवतो, आरे-वारे दाखवतो, भाट्ये मात्र कुणाला आठवत नाही. खाली राजिवड्याच्या होड्या बघत पूल ओलांडला की उजव्या हाताला किनारा सुरू होतो. जेमतेम दीड किलोमीटरची सरळ, सपाट वाळू. तिच्या पार दुसऱ्या टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी झरी विनायकाचे मंदिर आहे. रस्त्याच्या बाजूला नारळ संशोधन केंद्राच्या बागा, 1955 सालापासूनच्या. वाळू आणि रस्ता यांच्या मध्ये सुरूचे बन. वारा आणि उडती वाळू अडवायला कोकणच्या किनाऱ्यांवर हे झाड लावले गेले. मूळ ते आपले नाही, पण आता सुरूच्या सळसळीशिवाय आम्हाला किनारा ओळखू येणार नाही.

पुलावर गाडी जरा थांबवली. मागे डोंगरावर थिबा पॉइंट. ब्रह्मदेशचा थिबा राजा 1886 साली इथे कैदी म्हणून आला, 1910 मध्ये त्याच्यासाठी राजवाडा उभा राहिला आणि 1916 मध्ये तो इथेच वारला. अम्मींनी वर पाहिले आणि म्हणाल्या, "बिचाऱ्याला खाली येऊन पाय तरी भिजवता आले असतील का?" कुणीच काही बोलले नाही.

आठवड्याचा मधला दिवस होता. भेळेची एक गाडी, तीही ताडपत्री घालून झाकलेली. दोन बाकडी, त्यातल्या एकाची फळी गेलेली. पावसाळ्यात लाटांनी मुळे उघडी केल्यामुळे तीन-चार सुरू आडवे झाले होते; मुलांना तेच घोडे झाले. बायकांसाठी बरे म्हणावे असे स्वच्छतागृह मात्र दिसले नाही. म्हातारी माणसे सोबत असतील तर तेवढी सोय घरूनच उरकून निघावे, पाणीही बरोबर घ्यावे. कुणी आम्हाला विचारले तर एक स्वच्छतागृह, एक नळ आणि रस्त्यापर्यंत दोन दिवे मागू, पुढे काही नको. कारंजी आली, सेल्फीसाठी रंगीत अक्षरे आली की जी शांतता शोधत आम्ही आलो तीच जाईल. गर्दीच्या किनाऱ्यावर बुरख्यातल्या बाईने पाय भिजवायचे म्हटले तरी चार नजरा आणि एक मोबाइल तिच्याकडे वळतोच. इथे आमच्या भावजया आणि आपा मोकळेपणाने बसल्या.

चौदाव्या चांदचा आग्रह का, तेही सांगायला हवे. अम्मी दर महिन्याला तेराव्या, चौदाव्या, पंधराव्या चांदचे नफिल रोजे ठेवतात, त्यामुळे इफ्तार किनाऱ्यावरच करायचा होता. पण मूळ हिशेब अब्बांचा. कोकणात भरतीची वेळ तिथीवरून काढतात: तिथीची पाऊणपट करा, तितके वाजता भरती. आपली चांदची तारीख तिथीच्या एखाद-दीड दिवस मागे असते, म्हणून अब्बा तिच्यात एक मिळवत. चौदा अधिक एक पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्यात सहा तास मिळवले की सव्वापाचच्या सुमाराला पूर्ण सुकती. आम्ही पोचलो तेव्हा समुद्र खरोखरच लांब गेला होता आणि ओल्या वाळूवर इवल्या खेकड्यांनी गोळ्यांची नक्षी मांडली होती. लहानपणी आम्हाला वाटे, अब्बांना आकडेमोडीची हौस आहे.

अम्मी एकट्याच पाण्याकडे चालत गेल्या. कुणी हात धरायला गेले नाही. घोट्याएवढ्या पाण्यात त्या बराच वेळ उभ्या होत्या. परत येऊन सुरूखाली बसल्या, आमच्या चपलांच्या ढिगाशेजारी, जिथे अब्बा बसायचे. "तुम्ही पोरं जा, मी चपला राखतो," असे ते दर वेळी म्हणत. त्यांना सावली आवडते असे आम्ही धरून चाललो होतो.

"त्यांना पाण्याची भीती होती," अम्मी म्हणाल्या. "त्यांचे मोठे भाऊ तिकडे खाडीच्या तोंडाशी गेले. सुकतीच्या ओढीत. हे तेव्हा दहा वर्षांचे होते, काठावर चपला घेऊन उभे."

अब्बांचा एक भाऊ लहानपणी वारला, एवढेच आम्हाला माहीत होते.

तेव्हा तो हिशेब उलगडला. पाणी उतरताना खाडीच्या मुखाशी प्रवाह जोरात बाहेर ओढतो. अब्बा ती ओढ संपत आलेली वेळ गाठत, आणि पुलाकडचे टोक सोडून आम्हाला दूर मधल्या वाळूवर आणत. भाट्याला जाणाऱ्यांनी खाडीच्या मुखापासून लांबच राहावे, आणि पावसाळ्यात पाण्यात उतरूच नये. हे आजवर आम्ही पाहुण्यांना सहज सांगायचो. आता तसे सहज सांगता येणार नाही. एवढी भीती मनात असताना ते आम्हाला घरीच का ठेवत नव्हते, असे आपाने विचारले. अम्मी म्हणाल्या, "समुद्राकाठची पोरं समुद्राला घाबरून कशी चालतील, म्हणायचे."

सूर्य पाण्याला टेकला. धाकट्याने विचारले, अजान आली नाही तर रोजा कसा सोडायचा? अम्मींनी बोट दाखवले: ती शेवटची कडा बुडू दे. कडा बुडाली आणि तेवढ्यात खाडीपलीकडून राजिवड्याची अजानही आली. खजूर, पाणी, मग डब्यातले घावणे आणि नारळाचा गोड रस. समुद्राचे पाणी पाक आहे, त्याने वुजू होतो, हे हदीसमधून सगळ्यांना ठाऊक. मुलांनी पहिल्यांदाच तसा केला आणि खारट तोंडे वेडीवाकडी केली. रत्नागिरीहून किब्ला पश्चिमेच्या जरा उजवीकडे येतो, म्हणून समुद्राकडे तोंड करून रत्नदुर्गाच्या अंगाला किंचित वळलो आणि सफ धरली. वाळू सपाट नव्हती, सजद्यात कपाळाला गार लागली. दुआ लांबली. अल्लाह अब्बांची आणि ज्यांना आम्ही कधी पाहिले नाही त्या चाचांची मगफिरत करो.

सलाम फेरून मागे पाहिले तर सुरूंच्या मागून चौदाव्याचा चांद वर आला होता. मुलांना पुन्हा एकदा पाण्याकडे जायचे होते. भरती अजून नुकतीच वळत होती. अम्मींनी त्यांना हात धरून नेले. मोठे भाईजान काही न बोलता उठले, सुरूखाली गेले आणि चपलांपाशी बसले.