आबा, हातोडी नको!

कारखान्यातलं मशीन म्हातारं झालं की बहुतेक वेळा त्याचा मेंदू आधी जातो. कंट्रोलर बंद पडतो, त्याचे स्पेअर मिळेनासे होतात आणि चांगलं धडधाकट बिडाचं धूड भंगारात निघतं. पण त्याच्या पोटातल्या सर्व्हो मोटारी आणि त्यांना चालवणारे ड्राइव्ह अनेकदा ठणठणीत असतात. भंगारवाल्याला तांब्या-ॲल्युमिनियमचा भाव कळतो, ड्राइव्हचा नाही. त्यामुळे नव्याने घेताना घाम फोडणारी ही वस्तू चक्क किलोवर मिळते!

आमच्या शाहूवाडीच्या घरामागच्या शेडमध्ये असे तीन ड्राइव्ह आणि तीन मोटारी आहेत. त्यांच्यावर एक छोटं सीएनसी मिलिंग मशीन चालतं. ते बांधलं आबांनी आणि मी. आबा म्हणजे माझे वडील. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात त्यांनी आयुष्यभर मशीन चालवलं. मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. पुण्यात ‘मी आले’ म्हणते आणि आंबा घाटाकडे जाणारी एसटी पकडली की आपोआप ‘मी आलो’ होतं. कोल्हापूरकरणींना हे सांगायला नको!

आता प्रश्न असा, की हा उद्योग कशाला? तर आबांचा हात थरथरायला लागला होता. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, घाबरू नका. पण ज्या माणसानं डोळे मिटून हँडल फिरवलं आणि बरोबर मापावर थांबवलं, त्याला ‘घाबरू नका’ सांगून काय उपयोग? त्यांनी जॉब घेणं बंद केलं. गिऱ्हाईक आलं की ‘मशीन बिघडलंय’ सांगायचे. मशीन चांगलं होतं.

तेव्हा डोक्यात आलं की हँडल मोटारीनं फिरवलं तर?

स्क्रीनपुढे बसणाऱ्यांसाठी सर्व्हो म्हणजे काय ते ऑफिसच्या भाषेत सांगते. साधी स्टेपर मोटार म्हणजे मुकाट्याने काम करणारा कलीग. ‘शंभर पावलं चाल’ म्हटलं की चालतो, वाटेत अडखळून चार पावलं चुकली तरी सांगत नाही. सर्व्होच्या पाठीमागे एन्कोडर असतो. शाफ्ट नेमका किती फिरला, हे तो सतत ड्राइव्हला कळवतो. सांगितलेलं आणि झालेलं यात फरक पडला की ड्राइव्ह तिथल्या तिथे दुरुस्त करतो आणि फरक फारच वाढला तर अलार्म देऊन थांबतो. आपलं अप्रेझल वर्षातून एकदा, याचं सेकंदाला हजारो वेळा!

आमच्या मोटारी 400 वॉटच्या आहेत, एन्कोडर 17 बिटचा. म्हणजे एका फेऱ्याचे 1,31,072 भाग. बॉल स्क्रू एका फेऱ्याला 5 मिलिमीटर सरकतो. तेव्हा कागदावर हिशेब भन्नाट दिसतो, पण खरी अचूकता स्क्रू आणि बिडाचा सांगाडा ठरवतात. ड्राइव्हमध्ये ‘इलेक्ट्रॉनिक गिअर’ नावाची सेटिंग असते. त्यात आम्ही एका पल्सला एक मायक्रॉन लावला. पल्स पाठवतो एक जुना पीसी, लिनक्ससीएनसी या फुकट सॉफ्टवेअरवर. त्याचं मूळ 1990च्या दशकात अमेरिकेच्या सरकारी प्रयोगशाळेत आहे. आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन एमआयटीनं पहिल्यांदा दाखवलं ते 1952 साली. तेव्हा त्याच्या कंट्रोलचं कपाट खोलीभर होतं. आमचं सगळं एका टेबलावर मावतं.

ऐकायला सोपं वाटतं ना? नाहीये. ड्राइव्हच्या पाटीवरचा मॉडेल नंबर वाचून मॅन्युअल शोधा. कनेक्टर कापून टाकलेले असतात, ते एकेक पिन बघून जोडा. एन्कोडरची बॅटरी संपलेली असते, म्हणून पहिल्याच दिवशी अलार्म. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या ड्राइव्हला एकदम 230 व्होल्ट द्यायचे नसतात, आतले कपॅसिटर फुटू शकतात. डिमरस्टॅटवरून व्होल्टेज हळूहळू चढवायचं. आणि स्विच बंद केला म्हणजे सुटलो असंही नाही. आत साधारण 325 व्होल्ट डीसी साठलेलं असतं. चार्जचा दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग मीटर लावून खात्री करायची आणि मगच हात घालायचा. या बाबतीत शॉर्टकट नाही. घरी करणार असाल तर वायरिंग जाणणारा माणूस शेजारी हवाच.

कपलिंग बसवताना आबांनी सवयीनं हातोडी उचलली. “चार टिचक्या मारतो, बसंल की.”

“आबा, हातोडी नको!”

शेडमध्ये मी त्यांना ‘नको’ म्हणायची ही पहिली वेळ. शाफ्टवरचा दणका सरळ मागच्या एन्कोडरला जातो आणि आतली नाजूक चकती गेली तर मोटार संपली, हे मी मॅन्युअलमध्ये वाचलं होतं. ते काही बोलले नाहीत. हातोडी ठेवली आणि पॉलिश पेपर घेऊन कपलिंग अलगद बसेपर्यंत घासत राहिले. हात थरथरत होता, घासायला तो चालत होता.

दुसऱ्या दिवशी एक्स ॲक्सिस मधमाशीसारखा गुणगुणायला लागला. मी गेन कमी केला, वाढवला, फिल्टर बदलला. तीन तास गेले. आबांनी टेबलावर तळवा ठेवला, दोन मिनिटं तसाच. “पॅरामीटर न्हाई ह्ये. नट ढिला हाय.” बॉल नटाचे स्क्रू आवळले, गुणगुण बंद! माझ्या लॅपटॉपवरच्या ग्राफला जे दिसलं नव्हतं, ते तळव्याला कळलं होतं. कोल्हापुरात ऑइल इंजिन घडवणाऱ्या म्हादबा मेस्त्रींचं नाव अजून आदरानं का घेतात, ते मला त्या दिवशी समजलं. यंत्र वाचायची ही विद्या मॅन्युअलबरोबर मिळत नाही.

ऑफिसमध्ये मित्र विचारतात, एवढ्या वीकएंडमध्ये तयार मशीनच नसतं का घेता आलं? आलं असतं, हप्त्यावर. पण मग ते माझं गिफ्ट झालं असतं आणि आबा त्याला रोज कापडानं पुसत बसले असते. या मशीनचा प्रत्येक बोल्ट त्यांना ठाऊक आहे. पावसाळ्यात वीज गेली की मशीन थांबतं, परत आली की ते स्वतः होम पोझिशन घेतात, डायल लावून तपासतात आणि पुढचं काम सुरू करतात. इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटण त्यांच्या डाव्या हाताशी आहे. थरथरणाऱ्या हातालाही ते चुकत नाही.

पहिला जॉब शेजाऱ्यांच्या पाण्याच्या पंपाची ॲल्युमिनियमची फ्लॅन्ज. सहा भोकं, सगळी मापात. आबांनी व्हर्नियर मला धरायला लावला, आकडा मात्र स्वतः वाचला.

परवा फोन केला तर म्हणाले, नंतर बोलतो, गिऱ्हाईक आलंय. फोन ठेवायला विसरले. पलीकडून ऐकू येत होतं. कुणीतरी दर कमी करायला सांगत होतं आणि आबा म्हणत होते, “माप बघा आधी. मग भावाचं बोला.”