क्रिएटिन आणि क्रिएटिनिन

कोल्हापुरात हल्ली दोन शब्द सारखे कानावर पडतात. तालमीतल्या पोरांच्या तोंडी ‘क्रिएटिन’ आणि रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या आम्हा सत्तरी ओलांडलेल्यांच्या गप्पांत ‘क्रिएटिनिन’. नावं सारखी, आणि नातंही सख्खंच आहे बरं का.

१८३२ साली शेवरल या फ्रेंच शास्त्रज्ञाला मांसाच्या रश्शात हा पदार्थ सापडला. ग्रीक भाषेत मांसाला ‘क्रेआस’ म्हणतात, त्यावरून क्रिएटिन. म्हणजे मूळ आपल्या पांढऱ्या रश्शाच्या जवळचंच म्हणा ना! तीन अमिनो आम्लांपासून आपलं शरीर तो रोज साधारण १ ग्रॅम स्वतःच तयार करतं. मटण-मासे खाणाऱ्यांना थोडा वरून मिळतो. दुधात मात्र नावापुरताच. ७० किलोच्या माणसाच्या अंगात तो सुमारे १२० ग्रॅम असतो, आणि जवळजवळ सगळा स्नायूंत. डाव टाकताना क्षणात जो जोर लागतो, त्याच्यासाठीची ही शिल्लक.

त्यातला थोडा भाग रोज क्रिएटिनिन होतो आणि मूत्रपिंडं तो लघवीवाटे बाहेर टाकतात. मूत्रपिंडं थकली की तो रक्तात साचतो. लॅबवाले मोजतात ते हेच.

आता गंमत बघा. एखाद्या मुलाला ३५ गुण मिळाले म्हटलं की आम्ही मास्तर लोक आधी विचारणार, “कितीपैकी?” इथेही तसंच आहे. खासबागेत उतरणाऱ्या पैलवानाचे स्नायू भरदार, त्यामुळे आकडा थोडा जास्त आला तरी मूत्रपिंडं ठणठणीत असू शकतात. उलट, अंगावर मांस न उरलेल्या आजींच्या शरीरात मुळात क्रिएटिनिन कमीच तयार होतं. त्यांची मूत्रपिंडं बरीच थकली तरी आकडा ‘नॉर्मल’च! मग गुडघेदुखीच्या गोळ्या निर्धास्त चालू राहतात, आणि त्याच गोळ्या मूत्रपिंडांना त्रास देतात.

म्हणून आपल्या वयाच्या मंडळींनी नुसत्या क्रिएटिनिनवर समाधान मानू नये. रिपोर्टमधला ई-जीएफआर किती, हे डॉक्टरांना विचारावं. त्यात वय धरलेलं असतं. अंग फारच वाळलेलं असेल तर सिस्टॅटिन-सी ही तपासणीही आहे, ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते. आणि घरातला नातू क्रिएटिनची पावडर घेत असेल, तर रक्त तपासताना त्यानं ते डॉक्टरांना सांगावं. पावडरीनंही आकडा थोडा वर जातो, आणि उगीच घरादाराला घोर लागतो.

असो. पुढचा रिपोर्ट हातात आला की एवढं जरूर विचारा.