सुताराचे पान

मळवलीला उतरून कार्ल्याचा डोंगर चढणारे बहुतेक लोक एकवीरेच्या रांगेत उभे राहतात. मी देवीला हात जोडून शेजारच्या चैत्यगृहात शिरतो.

आत मान आपोआप वर होते. छताला सागवानी फासळ्या आहेत, जवळजवळ दोन हजार वर्षांच्या. गंमत अशी, की त्या काहीच पेलत नाहीत. छत सबंध कातळाचे. फासळ्या काढल्या तरी डोंगर तसूभर खचायचा नाही. समोरच्या भाज्याच्या त्याहून जुन्या लेण्यात तर दगडी खांबच लाकडी घरातल्यासारखे आत कललेले. कातळाला तो कल कशाला हवा?

गरज संपते तिथे कला सुरू होते, असे सुबक उत्तर मी बरीच वर्षे बाळगून होतो. ते मोडले आमच्या घरातल्या एका जुवाने.

वडील मावळातले सुतार. जू घडवून झाले, की त्याच्या वरच्या अंगाला पटाशीने एक पिंपळपान कोरीत. कॉलेजातल्या शहाणपणाने मी एकदा हसलो. म्हटले, "अण्णा, बैलाला काय कळणार?"

"बैलाला नाय कळत," ते म्हणाले, "पण पान कोरायचं म्हटलं, की बाकीचं काम वेडंवाकडं ठेववत नाय."

म्हणजे ते बिनगरजेचे पानच बैलाची मान सोलवटू देत नव्हते! पण हे मला फार उशिरा उमगले. मध्यंतरी ट्रॅक्टर आला, बैल विकले, अण्णा गेले; आणि एका थंडीत ते जू मीच फोडून बंबात घातले. लाकूड चांगले होते. पाणी लवकर तापले.

कार्ल्याच्या ब्राह्मी लेखांत वैजयंतीचा भूतपाल श्रेष्ठी सांगतो, की हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम आहे. सांगो बापडा. दुसऱ्या एका लेखात धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने द्वार केल्याची नोंद आहे. मी तिच्यापाशी रेंगाळतो.

कलाकृती कोणती, हे पाहणाऱ्याने ठरवायचे, असे पुष्कळ जाणते म्हणतात. त्या पानाला पाहणारा मी होतो, आणि मी ते जाळले. माझ्या न ओळखण्याने ते कमी झाले असे मात्र आता म्हणवत नाही. जे होते, ते अण्णांच्या हातात होते.

त्यांनी कुठल्याच जुवावर आपले नाव घातले नव्हते.