सुट्टीची शिल्लक

पैसा साठविला तर वाढतो, धान्य साठविले तर निदान टिकते. पण सुट्टी साठविली तर तिचे काय होते? पाटणकर बाजारात आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याला हा प्रश्न दर लगीनसराईत पडतो. बाड्याच्या आसपासच्या भोजनालयांच्या भट्ट्या तेव्हा पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत विझत नाहीत. 1905 पासून भरत आलेल्या ग्वाल्हेरच्या मेळ्यातही पाहुण्यांची तीच झुंबड. साऱ्या शहराचा सण तो आचाऱ्याचा जादा कामाचा दिवस!

निवृत्तीनंतर काही वर्षे मी एका परिचितांच्या भोजनालयाचा जमाखर्च पाहत असे. तेथील वृद्ध आचाऱ्यांच्या एकोणीस सुट्ट्या तुंबल्या होत्या. "महाराज, आता सांभाळून घ्या, सुट्टी मागाहून घ्या," हे मालकांचे नेहमीचे आश्वासन. चैत्रात गहू कापणीला आला, महाराजांनी आठ दिवस मागितले. तो लग्नाचे मुहूर्त आडवे आले. चातुर्मासात मालक उदारपणे म्हणाले, "हवे तितके दिवस जा." पण तोवर मुलाने मजूर लावून कापणी उरकली होती. हिशेबात एकोणीस दिवस मिळाले. हवे होते ते आठ मात्र गेले ते गेलेच.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी मुंबईच्या गिरणीकामगारांना 10 जून 1890 रोजी रविवारची सुट्टी मिळाली, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु गिरणीचा भोंगा सर्वांना एकदम सोडतो. भोजनालयाचे काम इतरांच्या विश्रांतीतच वाढते. म्हणूनच 1942 च्या साप्ताहिक सुट्टीच्या कायद्यात दुकानांबरोबर उपाहारगृहांचाही समावेश झाला. 1948 च्या कारखाने कायद्याने तर बुडालेली सुट्टी त्याच महिन्यात किंवा पुढील दोन महिन्यांत भरून द्यावी, आणि जादा कामाला दुप्पट वेतन द्यावे, असे ठरविले. 2025 मध्ये नव्या श्रमसंहितेने त्याची जागा घेतली, तरी हे तत्त्व तिनेही राखले. तो कायदा कारखान्यांचा असला, तरी त्यातील शहाणपण स्वयंपाकघरालाही लागू पडते.

पुढे मी त्या भोजनालयात एक साधी वही घातली. जादा तास त्याच रात्री लिहावयाचे, खाली कामगाराची सही किंवा अंगठा. सहा दिवसांहून अधिक सुट्टी साठू द्यावयाची नाही. वरच्या कामाचे पैसे दुपटीने त्याच महिन्यात चुकते. आणि मुख्य म्हणजे, साठलेल्यांपैकी निम्मे दिवस कोणते, हे कामगाराने महिनाभर आधी सांगावयाचे व मालकाने बदली माणूस पाहून ठेवावयाचा. मालक प्रथम कुरकुरले. पण ऐन मुहूर्तावर न सांगता घरी राहणाऱ्यांची संख्या घटली, तेव्हा वही त्यांनाच प्रिय झाली.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी कार्ये होतात, आचारी-वाढपी येतात. निरोपाचा नारळ देताना त्यांना एवढेच विचारावे, "तुमच्या घरचे कार्य केव्हा?" आणि त्या तारखेला आपले काम काढू नये.