डुकराची कत्तल : वीज, वायू आणि कायदा

कत्तलीआधी जनावर बेशुद्ध करण्याच्या क्रियेला कत्तलखान्यात स्टनिंग म्हणतात. तिचा हेतू जनावर मारण्याचा नसतो, त्याचे भान घालवण्याचा असतो. मृत्यू नंतर येतो, सुरीने रक्त काढल्यावर. ही दोन कामे वेगळी आहेत हे शिकलेल्या माणसांनाही ठाऊक नसते, आणि डुकराच्या बाबतीत ते जाणून घ्यायची फारशी कुणाला इच्छाही नसते. गोवंशासाठी महाराष्ट्रात 1976 चा कायदा आहे, 2015 च्या दुरुस्तीवरून भरपूर वादही झाले. डुकराचा विषय मात्र नगरपालिकेच्या सभेत ‘मोकाट डुकरांचा बंदोबस्त’ म्हणून येतो आणि तिथेच संपतो.

बुलढाणा जिल्ह्यातली बहुतेक डुकरे नाल्याकाठी, उकिरड्यावर चरून वाढतात. ती मोकाट दिसली तरी बेवारस नसतात. पिढ्यान्‌पिढ्या हा धंदा करणाऱ्या कैकाडी, वडार कुटुंबांची ती असतात. अशा जनावराला माणसाच्या हाताची सवय नसते. जाळे टाकून, पाठलाग करून, पाय बांधून धरले की त्याचे हाल कत्तलीच्या कितीतरी आधी सुरू होतात. त्यात डुकराला अंगभर घाम येत नाही. घाटावर बुलढाणा-चिखलीला त्यातल्या त्यात बरे. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगावच्या मे महिन्यात दुपारी पाठलाग केलेले डूकर उष्माघातानेच मरू शकते. म्हणून पहाटे पकडणे, सावली, पाणी आणि काही तासांची विश्रांती हा बेशुद्धीच्या तयारीचाच भाग धरावा लागतो. दमलेल्या, घाबरलेल्या डुकराच्या स्नायूंत आम्ल झपाट्याने साठते, मांस गरम असतानाच त्याचा सामू 6 च्या खाली उतरतो आणि ते फिकट, लिबलिबीत, पाणी सुटणारे होते. विक्रेता मग दोष खाद्याला देतो.

परसदारी पद्धतीत बेशुद्धी नसतेच. बांधलेल्या जनावराच्या छातीत टोकदार हत्यार खुपसले जाते आणि पुष्कळदा प्राण पुरता गेला की नाही हे न पाहताच केस जाळायला घेतात. डोक्यावर घाव घालणे हा त्यावरचा उपाय नव्हे. कवटीत खिळा ठोकणारे पिस्तूल गुरांना चालते. डुकराच्या कपाळाच्या हाडात हवेच्या पोकळ्या असतात, मेंदू खोल असतो, आणि मोठ्या नर डुकराच्या बाबतीत नेम सहज चुकतो.

विजेची पद्धत त्यामानाने सोपी. चिमट्याची दोन टोके डोक्याच्या दोन्ही बाजूंना, डोळा आणि कान यांच्या मध्ये टेकवतात; प्रवाह मेंदूतून गेला की अपस्मारासारखा झटका येऊन भान क्षणात जाते. इथे सगळे लक्ष व्होल्टकडे जाते आणि घोटाळा होतो. काम करतो तो प्रवाह, म्हणजे अँपिअर. युरोपीय संघाच्या 2009 च्या नियमाने डुकराच्या डोक्यातून किमान 1.3 अँपिअर प्रवाह जाणे बंधनकारक केले आहे. दाब तोच असला तरी कोरडी कातडी, राठ केस, वाळलेला चिखल, गंजलेली टोके यांमुळे प्रवाह घटतो. मग जनावर लुळे पडते, पण शुद्धीत राहते. ही अवस्था चिमटा न लावण्यापेक्षा वाईट, कारण त्याला ओरडताही येत नाही. डोके ओले करणे, टोके तारेच्या ब्रशने घासणे आणि यंत्रावर अँपिअर दाखवणारा काटा असणे, एवढे पाळले तर पद्धत विश्वासाची आहे. उन्हाळ्यात विजेचा दाब पडतो तिथे तर काट्यावाचून चिमटा लावूच नये.

फक्त डोक्याला दिलेल्या झटक्याने आलेली बेशुद्धी टिकत नाही. जनावर मिनिटभरातच शुद्धीवर येऊ लागते. म्हणून पंधरा सेकंदांच्या आत छातीत, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांवर सुरी चालली पाहिजे. पाहणाऱ्यांचा गैरसमज होतो तो नेमका याच वेळी. झटक्यानंतर शरीर आधी ताठरते, मग पाय जोरजोरात झाडते, आणि बघे म्हणतात, ‘जिवंत आहे, तडफडतंय.’ पाय झाडणे हे वेदनेचे लक्षण नाही. पाहायचे ते डोळा आणि श्वास: बुबुळाला स्पर्श केल्यावर पापणी मिटली किंवा श्वास लयीत सुरू झाला, तर पुन्हा चिमटा लावणे भाग आहे.

तिसरी पद्धत कार्बन डायऑक्साइडची. युरोपातल्या मोठ्या कारखान्यांत डुकरांचे कळप पिंजऱ्यासकट 80 टक्क्यांहून अधिक वायू असलेल्या खड्ड्यात उतरवतात. एकेकाला धरावे लागत नाही, हा तिचा खरा फायदा. पण हा वायू नाका-घशाच्या ओल्या त्वचेवर आम्ल बनवतो, आणि भान जाईपर्यंतच्या काही सेकंदांत डुकरे धापा टाकतात, मागे सरतात. युरोपच्या शास्त्रज्ञांनी ही पद्धत हळूहळू बंद करण्याची शिफारस केली होती. 2009 च्या नियमाच्या प्रस्तावनेतच लिहिले आहे की ही शिफारस आर्थिकदृष्ट्या परवडणारी नसल्याने घेतलेली नाही. आरगॉनसारखा वायू झोंबत नाही, पण महाग पडतो आणि वेळ घेतो. तरीही ‘गॅस म्हणजे आधुनिक’ ही समजूत भारतात अजून आहे. रोज चार-दोन डुकरे कापणाऱ्या गावात हा खड्डा कोण बांधणार, हा प्रश्न वेगळाच.

कायदा आहे. 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा अन्नासाठी मारण्यास सूट देतो, पण अनावश्यक वेदना दिल्यास ती सूट जाते. 2001 चे कत्तलखाना नियम नगरपालिका हद्दीत मान्यताप्राप्त कत्तलखान्याबाहेर कत्तल करू देत नाहीत, दुसऱ्या जनावरांच्या देखत मारण्यास मनाई करतात आणि बेशुद्धीसाठी स्वतंत्र जागा मागतात. मात्र त्याच नियमांत कत्तलखाना म्हणजे दिवसाला 10 किंवा अधिक जनावरे कापण्याचे ठिकाण. बुलढाण्यातल्या छोट्या विक्रेत्याला व्याख्या वगळते आणि मनाई पकडते. अशा वेळी तो नाल्याकाठीच जाणार. शिवाय नियम जागा मागतात. त्या जागेत किती अँपिअर हवेत, याबद्दल ते गप्प आहेत.

मुंबईत देवनारला 1971 पासून महापालिकेचा कत्तलखाना आहे, पण त्याची छोटी प्रत काढून खामगाव-मलकापूरचे काम होणार नाही. इथे हवी ती सावलीची कोंडवाडी, पाण्याची तोटी, आडोशाची खोली, काटा असलेला विजेचा चिमटा आणि सुरी धरणाऱ्या माणसाला पशुवैद्यकाकडून प्रशिक्षण. नगरपालिकांनी कत्तलखान्याची निविदा काढताना फरशीचा रंग ठरवण्याआधी चिमट्याचे अँपिअर लिहून घ्यावेत.